चौदा मिलिमीटरची गोष्ट

बीएमएक्स स्ट्रीट सायकलचं मागचं चाक कधी नीट पाहिलंय तुम्ही? सायकल दिसते बारा वर्षांच्या पोराची. चाक फक्त २० इंची. पण त्यातला एक्सल १४ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्याकडे दुधाच्या किटल्या आणि धान्याची पोती वाहणाऱ्या काळ्या सायकलींच्या एक्सलपेक्षाही जाड. मागचं चक्र एवढंसं, जेमतेम ९ दात्यांचं. टायर २.४ इंच रुंद, पण त्याला जवळजवळ टक्कल पडलेलं. गिअर नाहीत. आणि बऱ्याचदा ब्रेकही नाहीत!

कुठल्याही शहाण्यासुरत्या इंजिनियरने टेबलावर बसून असलं काही काढलं नसतं. आणि खरंच कुणी काढलं नाही. हे आकडे टेबलावर ठरलेच नाहीत.

झालं असं, की आमच्या टीममधल्या एका पोराला अशी सायकल सुटे भाग आणून जुळवायची होती. हब कॅसेट घेऊ की फ्रीकोस्टर? टायर २.१ घेऊ की २.४? त्याचे हे प्रश्न लंच टेबलवर रोज चालायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जुन्या कोडमध्ये एखादा विचित्र आकडा दिसला की तो कुणी, कधी आणि कशापायी टाकला हे खणून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. तसंच इथे झालं. दोन-तीन वीकेंड गेले. पण जे हाती लागलं ते भलतंच मजेशीर निघालं, म्हणून हा लेख.

सुरुवात करू या १९६३ पासून. अमेरिकेतल्या श्विन कंपनीत अल फ्रिट्झ नावाचा एक अधिकारी होता. त्याच्या कानावर आलं की कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या २० इंची सायकलींना उंच शिंगांचे हँडल आणि लांबुळक्या केळ्यासारख्या सीटा लावून फिरताहेत. त्याने तेच कारखान्यात बनवायला घेतलं. सायकलचं नाव स्टिंग-रे. ती धो धो खपली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हेच पुन्हापुन्हा होणार आहे: आधी पोरांनी केलं, मग कंपनीने विकलं.

स्टिंग-रेच्या मागच्या हबमध्ये बहुतेक वेळा कोस्टर ब्रेक असे. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही, म्हणून थोडं सांगतो. पॅडल पुढे मारलं की चाक फिरतं, पाय थांबवला की चाक मोकळं धावतं आणि पॅडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. सगळी यंत्रणा हबच्या पोटात. वायर नाही, लिव्हर नाही. हा शोध त्या वेळीही म्हाताराच होता. कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल गावची न्यू डिपार्चर कंपनी १८९८ च्या सुमारास असे हब बनवू लागली होती. या म्हाताऱ्याला विसरू नका, तो लेखाच्या उत्तरार्धात परत येणार आहे.

१९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागातल्या पाम्स पार्कमध्ये पोरांनी स्टिंग-रेवर मातीत शर्यती लावायला सुरुवात केली. मोटरसायकलवाले मोटोक्रॉस खेळायचे, त्याची ही नक्कल. पुढच्याच वर्षी लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या एका शाळकरी पोराने एका मोकळ्या प्लॉटवर चक्क स्वतःचा ट्रॅक उघडला. १९७१ मध्ये ब्रूस ब्राउनचा 'ऑन एनी संडे' हा मोटरसायकलींवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच सायकलवर मोटोक्रॉस खेळणारी पोरं दिसतात. ते बघून गावोगावची पोरं आपापल्या सायकली घेऊन मातीत उतरली. बायसिकल मोटोक्रॉस, म्हणजेच बीएमएक्स.

आणि मोडतोड सुरू झाली. उडी मारून सायकल खाली आली की सगळा धक्का चाकावर. स्पोक तुटायचे, रिमचा आठ व्हायचा. १९७४ मध्ये स्किप हेस या गृहस्थाने मोटोमॅग नावाचं ओतीव धातूचं चाक काढलं. त्यात स्पोकच नाहीत, पाच जाड आरे. बैलगाडीच्या चाकाच्या जवळ जाणारं प्रकरण! (हेसची ही कंपनी पुढे मंगूस नावाने प्रसिद्ध झाली.) स्कायवे कंपनीने नायलॉनचं टफ व्हील काढलं. पण ही चाकं जड होती, आणि शर्यतीत जडपणा कुणालाच नको असतो. शेवटी चांगली अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि ३६ स्पोक हेच टिकलं. कोस्टर ब्रेक गेला, त्याच्या जागी स्क्रूसारखं फिरवून बसवायचं फ्रीव्हील आणि हँडब्रेक आला. पुढे ४४ दाते, मागे १६ हे प्रमाण रूढ झालं. टायरला मातीत रुतणारे ठसठशीत ठोकळे. शर्यतीपुरतं सगळं छान बसलं होतं. रेसिंगचा इतिहास मी इथेच सोडतो. तो व्यवस्थित, नियमात बसणारा इतिहास आहे आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळवाणा आहे.

गडबड केली ती शर्यत सोडून खेळ करणाऱ्यांनी. बॉब हॅरो हा मुळात चित्रकार, 'बीएमएक्स अ‍ॅक्शन' मासिकासाठी चित्रं काढायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो आणि त्याचे मित्र सायकलवर उभं राहा, एका चाकावर गिरकी घ्या, असले प्रकार करू लागले. याला नाव पडलं फ्रीस्टाइल. १९८२ मध्ये स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला. त्यात पोरं परग्रहवासीयाला घेऊन पोलिसांना चुकवत पळतात त्या सायकली कुवाहारा कंपनीच्या बीएमएक्स होत्या. सायकलविक्रीला याहून चांगली जाहिरात मिळणं शक्य नव्हतं.

फ्रीस्टाइलवाल्यांना सायकलवर उभं राहायला जागा हवी होती. म्हणून एक्सलच्या टोकांना नळकांडी बसवली गेली. त्यांचं नाव पेग. आणि आपल्या चौदा मिलिमीटरची गोष्ट खरी इथे सुरू होते.

सायकलचा एक्सल मुळात कशासाठी असतो? चाकाच्या दोन बाजूंना फ्रेम धरते आणि मध्ये हब फिरतो. एक्सलवर भार येतो तो फ्रेमच्या आत. बाहेर काही लोंबकळत असेल असं कुणी गृहीतच धरलं नव्हतं. आता त्याच एक्सलच्या टोकाला हातभर नाही, पण चार इंचांचा पेग लावा आणि त्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस उभा करा. तरफ झाली की! तरीही फ्रीस्टाइलवाले सपाट जमिनीवर होते तोवर निभावलं. पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळी जिन्यांवर आणि कठड्यांवर जाऊ लागली.

जिन्यांवर का? तर दुसरीकडे जायला जागा नव्हती. अमेरिकेत सत्तरच्या दशकात खासगी स्केटपार्कचं पेव फुटलं होतं. विम्याचे हप्ते आणि कोर्टकज्जे यांच्या धास्तीने त्यातले बहुतेक बंद पडले. घराच्या मागे लाकडी रॅम्प बांधायचा तर पैसे आणि अंगण दोन्ही हवं. शहरात मात्र काँक्रीट फुकट होतं: बँकेसमोरचा कठडा, शाळेचा जिना, ऑफिसच्या आवारातली उतरती भिंत. रॉन विल्करसन या रायडरने १९८८ च्या सुमारास 'मीट द स्ट्रीट' नावाची स्पर्धाच भरवली, आणि रस्त्यावरचा हा उद्योग वेगळा प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला.

नेमक्या त्याच वेळी धंदा बसला. फ्रीस्टाइलची लाट ओसरली, सायकली खपेनात, मोठ्या कंपन्यांनी आपले संघ गुंडाळले. 'फ्रीस्टाइलिन' हे मासिक १९८९ मध्ये 'बीएमएक्स अ‍ॅक्शन'शी एकत्र करून टाकलं गेलं. (त्या मासिकात फोटो काढणारा एक पोरगा पुढे सिनेमात गेला. स्पाइक जोन्झ. 'हर'वाला!) म्हणजे बघा, जेव्हा सायकली सगळ्यात जास्त मोडत होत्या, तेव्हा त्या सुधारायला कुणी कंपनी उत्सुक नव्हती. सपोर्ट बंद झालेलं सॉफ्टवेअर आणि वापरणारे मात्र पूर्वीपेक्षा जास्त ताण देणारे. पुढे काय होतं ते आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. वापरणारेच पॅच लिहायला बसतात.

इथेही तेच झालं. क्रिस मोलर आणि ग्रेग स्कॉट या दोन पोरांनी १९८७ मध्ये एस अँड एम बाइक्स सुरू केली, स्कॉटचा एस आणि मोलरचा एम. मॅट हॉफमन हा तर त्या काळचा सगळ्यात नावाजलेला उंच उडीवाला. दुसऱ्यांच्या सायकली मोडून मोडून वैतागला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमा सिटीत त्याने स्वतःची कंपनी काढली. या मंडळींचं टेस्टिंगचं तंत्र सोपं होतं. संध्याकाळी चालवा, मोडलं तर सकाळी जाड करा.

आणि एक्सल जाड झाला. जुना एक्सल ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. नवा १४. फरक दिसतो दीडपटीचा, पण गोल सळईची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४ भागिले ९.५, त्याचा घन करा: साधारण ३.२. म्हणजे साडेचार मिलिमीटर जाडीत सव्वातीनपट ताकद. मला हा हिशेब करताना खरंच आनंद झाला. कुणीही प्रबंध लिहिला नव्हता, पण कठड्यावर एक्सल वाकवून वाकवून पोरं बरोब्बर तिथे पोचली होती.

स्पोकचंही असंच झालं, पण ते पाऊल पुढे मागे घ्यावं लागलं. त्या दिवसांत ३६ ऐवजी ४८ स्पोकची चाकं आली. चाक भक्कम व्हायचं, पण वजनही वाढायचं. मग रिम सुधारल्या, दुपदरी झाल्या, चाक ओवणारे हुशार झाले, आणि ४८ गेले. आज स्ट्रीटसाठी पुन्हा ३६ च. जुन्या व्हिडिओत स्पोकचं जंगल दिसलं तर बिचकू नका, आणि आज कुणी ४८ भोकांचा हब 'जास्त मजबूत' म्हणून गळ्यात मारू पाहील तर घेऊ नका. त्याला रिम शोधता शोधता नाकीनऊ येतील. पुढच्या हबचंही तसंच: मध्यंतरी तिथेही १४ मिमी आले, पण पोलाद आणि हबची बांधणी सुधारली तसा पुढचा एक्सल ३/८ वर परतला. मागचा मात्र १४ वरच राहिला.

आता दात्यांकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात देखणा भाग हाच.

पेगवर कठड्यावरून घसरत जाणं, याला ग्राइंड म्हणतात. घसरताना पेगच्या जोडीला आणखी एक वस्तू खाली लोंबत असते: पुढचं चेनव्हील. ४४ दात्यांच्या चेनव्हीलचा व्यास जवळजवळ १७८ मिमी. कठड्याला पहिला धक्का त्याचाच. दाते वाकतात, साखळी तुटते आणि सायकल जागच्या जागी थांबते. तुम्ही नाही थांबत.

उपाय उघड आहे, चेनव्हील लहान करा. पण मग पाय भराभरा मारावे लागतील. म्हणून मागचंही त्याच प्रमाणात लहान हवं. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५. ३६ ला १३ लावा, २.७७. ३० ला ११, २.७३. २५ ला ९, २.७८. सगळे जवळजवळ तेच! चालवणाऱ्याच्या पायाला काहीच फरक कळत नाही, पण २५ दात्यांच्या चेनव्हीलचा व्यास उरतो फक्त १०१ मिमी. कठडा आणि चेनव्हील यांच्यात जवळजवळ दीड इंच मोकळं झालं. याला मी आदर्श रिफॅक्टरिंग म्हणेन. बाहेरचं वागणं तेच ठेवून आतलं सगळं बदललं.

मात्र मागे एक अडचण होती. जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं, आणि त्या आट्यांचाच व्यास पावणेपस्तीस मिमी. ९ दात्यांच्या चक्रात दात्यांच्या मुळाशी जागा उरते तिशीच्याही आत. म्हणजे दात्यांच्या आतला भागच त्या आट्यांपेक्षा लहान! शिवाय फ्रीव्हीलमध्ये ती टिकटिक करणारी 'कुत्री' (आपले सायकलवाले हाच शब्द वापरतात) चक्राच्या पोटात बसवावी लागतात. १६ दात्यांत ती बसायची, ९ मध्ये काय बसणार? तेव्हा कुत्री चक्रातून काढून हबच्या पोटात हलवली गेली. हाच कॅसेट हब. चक्र आणि त्याचा दांडा, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते पोलादाच्या एकाच तुकड्यातून कातलेले. नव्वदच्या दशकाअखेरीपासून पुढची दहाएक वर्षं हे सगळं आकुंचन चालू होतं. ८ दात्यांचेही ड्रायव्हर येऊन गेले, पण फार टिकले नाहीत. कारण निसर्ग फुकट काही देत नाही. चेनव्हील लहान केलं की पायाचा जोर तोच असला तरी साखळीवरचा ताण वाढतो, ४४ वरून २५ वर आल्यावर पावणेदोनपट. आणि तो ताण झेलायला मागे दाते मूठभर. म्हणून ड्रायव्हर स्वस्तातला घेऊ नये. रंगीत हबशेलवर पैसे घालवण्याऐवजी ते ड्रायव्हर आणि बेअरिंगवर घालावेत, हे माझं स्पष्ट मत.

कॅसेटमुळे आणखी एक दार उघडलं. सायकलची साखळी उजव्या बाजूला असते, सगळ्या जगात. पण ज्याला उजवीकडे ग्राइंड करायची सवय आहे त्याने काय करावं? साखळी डावीकडे न्यावी. आट्यांच्या फ्रीव्हीलला हे जमत नाही, कारण डावीकडे नेलं की पॅडल मारता मारता ते उलटं फिरून सुटून येईल. त्यासाठी उलट आट्यांचं वेगळं फ्रीव्हील आणि वेगळा हब हवा. कॅसेटला फक्त कुत्र्यांची दिशा बदलायची. म्हणून आज हब घेताना दुकानदार (किंवा वेबसाइट) 'उजवा ड्राइव्ह की डावा?' विचारते. याचं उत्तर तुम्ही उजव्या हाताने जेवता की डाव्या, यावर नाही. कुठल्या बाजूला घसरता, त्यावर आहे. माहीत नसेल तर उजवा घ्यावा आणि डावीकडे घसरायला शिकावं. पुढे भाग मिळायला सोपं जातं.

आता त्या म्हाताऱ्याकडे परत. रायडर भिंतीवर चढतो, मागे घसरतो आणि उलट्या दिशेने चाकांवर येतो. याला फेकी म्हणतात. साध्या हबमध्ये, मग तो फ्रीव्हील असो की कॅसेट, चाक मागे फिरलं की पॅडलही मागे फिरतात, आणि पायांना त्यांच्याबरोबर उलटं चालावं लागतं. एका जागी खेळ करणाऱ्या फ्लॅटलँडवाल्यांना याचा भारी जाच व्हायचा. त्यांच्यातल्या कुणीकुणी जुने कोस्टर ब्रेकचे हब खोलून पाहिले. आत एक जाड आट्यांचा ड्रायव्हर असतो आणि त्यावर सरकणारा एक शंकू. पॅडल पुढे मारलं की शंकू एका बाजूला सरकून हबच्या भिंतीत रुतून बसतो, चाक फिरतं. पॅडल उलटं मारलं की तो दुसरीकडे सरकून ब्रेकचे जबडे फाकवतो. त्यांनी काय केलं, तर जबडेच काढून टाकले. उरला असा हब, की जो पुढे मारलं तर ओढतो आणि एरवी कशालाही धरून नसतो. चाक मागे गेलं तरी पॅडल स्थिर! ब्रेक नसलेला कोस्टर म्हणून फ्रीकोस्टर. १८९८ च्या ब्रेकमधून ब्रेक वजा करून १९८० च्या दशकात नवा हब झाला. पुढे मुद्दाम तसेच हब बनू लागले, आणि आता स्ट्रीटवाल्यांतही त्यांची चलती आहे.

याची किंमत एकच: तो शंकू परत रुतेपर्यंत पॅडल थोडं रिकामं फिरतं. या रिकाम्या अंतराला स्लॅक म्हणतात. कमी ठेवलं तर मागे जाताना पायाच्या जराशा हालचालीने हब पकड घेतो आणि फेकीची वाट लागते. जास्त ठेवलं तर कठड्यापाशी ऐनवेळी पॅडल मारताना पाय हवेत जातो. मला विचाराल तर पहिला हब कॅसेटच असावा. कॅसेटवर उलटं पॅडल मारत फेकी शिकलेल्याला फ्रीकोस्टर महिन्याभरात येतो, उलटं मात्र होत नाही, असं सगळे जुने रायडर सांगतात आणि मला ते पटतं. आमच्या पोराने कॅसेट घेतला. १४ मिमी, ३६ भोकं, ९ दाते, उजवा. त्यावर डाव्या बाजूला प्लास्टिकची एक ताटली, हबगार्ड. ग्राइंड करताना स्पोकची मुळं कठड्यावर खरवडू नयेत म्हणून. दिसायला फालतू, पण चाकाचा आउट काढायला दर आठवड्याला जावं लागत नाही.

टायरची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. हबमध्ये सगळं आकसत गेलं, टायर फुगत गेले.

हवेचा टायर जन्मला तोच मुळी लहान मुलाच्या सायकलसाठी. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तिचाकीला रबरी नळी गुंडाळली. पोराला दगडी रस्त्यावर धक्के बसू नयेत, एवढाच हेतू. (त्याच्या चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसनने याचं पेटंट घेतलेलं होतं, पण तेव्हा सायकलीच नव्हत्या. वेळ चुकलेलं स्टार्टअप!) रस्त्यावरच्या बीएमएक्सने हा जुना हेतू मधल्या काळात बाजूला ठेवला. नव्वदच्या दशकात टायर दोन इंचांच्या आत-बाहेर असत आणि त्यात १०० पीएसआय किंवा जास्त हवा ठोसलेली असे. अरुंद टायरात हवा कमी भरली तर जिन्यावरून उतरताना कडा आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. म्हणून टायर दगडासारखा. धक्का मग मनगटांनी आणि घोट्यांनी खायचा.

रुंद टायरने हे कोडं सोडवलं. २.३ किंवा २.४ इंचांच्या टायरात हवेची उशी जाड, त्यामुळे ६० पीएसआयलाही रिम खाली टेकत नाही. जमिनीवर टेकणारा भाग किती मोठा होतो पाहा. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. १०० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो. दोन्ही चाकांचा मिळून साडेअकरा चौरस सेंटिमीटर रबर जमिनीवर. ६० ला तोच होतो एकोणीस. म्हणजे चित्रातल्या टपाल तिकिटांएवढ्या जागेवर सगळा खेळ चाललेला असतो, आणि ती जागा वाढली की पकड, विशेषतः भिंतीवर आडवं चढताना, कितीतरी खात्रीची वाटते. पण मऊ टायर पळायला जड. गुळगुळीत लाकडी पार्कमध्ये वेग हवा असतो, तिथे मंडळी आजही ८० च्या वर हवा भरतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला जे बीएमएक्स फ्रीस्टाइल दिसलं ते पार्कचं होतं, स्ट्रीटचं नाही. ते बघून हवेचा आकडा ठरवू नका.

नक्षीही बदलली. मातीतले ठोकळे काँक्रीटवर उलट अंग चोरतात, वळताना ठोकळा वाकतो आणि टायर सटकतो. म्हणून मधला भाग जवळजवळ सपाट, बारीक चिरा असलेला, आणि कडेला थोडी नक्षी. न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमलसारख्या रायडरांनीच काढलेल्या कंपन्यांचे टायर बघा, त्यात हाच विचार आहे. आणि मागच्या टायरचं मधलं रबर जाड असलेलं बरं. कारण ब्रेक काढून टाकलेले महाभाग थांबण्यासाठी बुटाचा तळवा मागच्या टायरवर दाबतात. बूट आधी जातो की टायर, एवढाच प्रश्न. घडी होणारे, केव्हलारच्या कडांचे हलके टायर मिळतात, पण स्ट्रीटसाठी तारेच्या कडांचे साधे टायर पुरतात. वाचलेल्या पैशात दुसरा टायर येतो, आणि तो लागतोच.

आता खरेदीला निघायच्या आधी फ्रेमकडे बघा. मागच्या खाचा १४ मिमीच्या आहेत की ३/८ च्या? लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच 'बीएमएक्स'च्या खाचा ३/८ च्या असतात आणि त्यात १४ चा एक्सल शिरत नाही. कानस घेऊन खाच रुंद करायचा सल्ला देणारे भेटतील. ती खाच सायकल आणि तुमचे दात यांच्यामध्ये उभी असते, तेव्हा नको. दुसरं, चेनस्टेमध्ये २.४ चा टायर मावतो का ते मोजा, जुन्या फ्रेममध्ये घासतो. आणि तिसरं, '२० इंची टायर' एवढंच बोलून पैसे देऊ नका. २० इंची नावाचे दोन वेगळे टायर आहेत. एकाचा रिमवर बसणारा व्यास ४०६ मिमी, दुसऱ्याचा ४५१. दशांशात लिहिलेला २० x २.४ म्हणजे ४०६ चा, अपूर्णांकात लिहिलेला २० x १ ३/८ म्हणजे ४५१ चा. टायरच्या कुशीवर बारीक अक्षरात '५७-४०६' किंवा '६१-४०६' असं छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. तो दुसरा आकडा रिमवरच्या आकड्याशी जुळवून बघा आणि मगच बिल करायला सांगा.